किट तेच, बीट वेगळी : सॅम्पलच्या लांबीचं एक प्रकरण

हे प्रकरण एका तरुण बीटमेकरचं आहे. त्याला विचारून, पण नाव न देता लिहिते आहे. ९० बीपीएमची (म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांची), एफ मायनरमधली, हिप-हॉपच्या अंगाने जाणारी बीट. कॉर्ड सुंदर बसल्या होत्या, रॅप लिहून तयार होतं, आवाज रेकॉर्ड करायचं ठरलेलं होतं. अडचण त्याने एका ओळीत कळवली : "ताई, ड्रम पातळ वाटतायत. एखादं दमदार किट सुचवा ना."

प्रोजेक्ट उघडलं तेव्हा लगेच लक्षात आलं की या मुलाकडे किटची, म्हणजे ड्रमच्या तयार सॅम्पलच्या (छोट्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या) संचांची, वाण नव्हती. किकचे, म्हणजे खालच्या जड ड्रमच्या ठोक्याचे, तीन थर तीन वेगवेगळ्या किटमधले. स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) खऱ्या ड्रमच्या रेकॉर्डिंगचा, त्यावर इलेक्ट्रॉनिक क्लॅप. हाय-हॅट (झांजेची जोडी) जुन्या ड्रम मशीनच्या धाटणीची, शेकरचा एक तयार लूप (फिरत राहणारा तुकडा), आणि खाली ८०८चा, म्हणजे रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या धाटणीचा, लांब बेस. यातलं प्रत्येक सॅम्पल एकेकटं वाजवलं की छान वाटायचं. सगळी एकत्र लावली की मात्र खालची बाजू गढूळ, मधली पोकळ आणि वरची टोचरी.

तेव्हा नवं किट सुचवायचं नाही, असं मी ठरवलं. सुट्टी ऐकताना चांगली वाटणारी सॅम्पल एकत्र आल्यावर पडत असतील, तर दोष बहुतेक वेळा त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतो. पाचवं किट आणलं की नाती आणखी वाढतात. त्यालाही तसं सांगितलं. तो थोडा हिरमुसला, पण तयार झाला.

आधी आवाज समान केले

बहुतेक किटमधली सॅम्पल कमाल पातळीला, म्हणजे जवळजवळ ० डीबीएफएसला (डिजिटल आवाजाच्या वरच्या मर्यादेला) आणून ठेवलेली असतात. ब्राउझरमध्ये क्लिक केल्या केल्या अंगावर यावीत म्हणून. त्यामुळे आठ-दहा सॅम्पल एकत्र आली की मास्टरवर गर्दी होते आणि शेवटचा लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारं साधन) सतत सगळं दाबत बसतो. या बीटमध्ये तेच चाललं होतं. किक पडली की कॉर्ड खाली दबायच्या, आणि तो त्यालाच ड्रमचा दम समजत होता.

लिमिटर काढला. प्रत्येक ड्रम ट्रॅकचं शिखर साधारण उणे १० डीबीच्या आसपास आणलं आणि ऐकण्याचा आवाज स्पीकरच्या बटणाने वाढवला. त्याला वाटलं बीट आणखीनच मरगळली. ते स्वाभाविक होतं, कारण कान मोठ्या आवाजालाच चांगला आवाज समजतो. हाच धोका किट निवडताना असतो. दोन किकपैकी एक २ डीबीने मोठी असेल तर तीच आवडते. म्हणून माझा आग्रह असतो की सॅम्पलची निवड कधीही सुटी ऐकून करू नये. बीटचे चार बार फिरत ठेवावेत, दोन्ही सॅम्पल कानाला सारख्या आवाजाची करून घ्यावीत आणि मग अदलाबदल करून ऐकावं. याला वेळ लागतो, पण इथे वाचवलेला वेळ पुढे मिक्समध्ये दामदुपटीने भरावा लागतो.

तीन किक, आणि हरवलेली छाती

किकचे तीन थर असे होते : एक खालच्या घुमण्यासाठी, एक ठोशासाठी, एक वरच्या टकटकीसाठी. कल्पना योग्य आहे, बरेच जण असंच करतात. पण तिन्ही लावल्यावर किक मोठी होण्याऐवजी बारीक होत होती. ठोशाचा थर बंद केला तर खालचा भाग उलट भरून यायचा. एक आवाज काढल्यावर आवाज वाढत असेल तर फेज, म्हणजे तरंगांचे चढ-उतार एकमेकांशी जुळतात का ते, तपासायचा, यात दुसरा विचार करायचं कारण नाही.

तरंग मोठा करून पाहिला. ठोशाच्या सॅम्पलच्या सुरुवातीला सुमारे ४ मिलिसेकंदांची शांतता होती. कुणीतरी कापताना मागे राहिलेली. ४ मिलिसेकंद कानाला उशीर म्हणून कळत नाहीत. पण १२५ हर्ट्झच्या तरंगाचं एक आवर्तन ८ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे ४ मिलिसेकंद हे त्याचं बरोबर अर्धं. एक तरंग वर जात असताना दुसरा खाली येतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. किकची जी छाती म्हणतो ती याच भागात असते, आणि तीच इथे कापली जात होती. इक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) १२५ हर्ट्झ कितीही उचलले तरी फरक पडणार नव्हता. उचलायला तिथे शिल्लकच फारसं नव्हतं.

शांतता कापून दोन्ही सुरुवाती जुळवल्या. छाती परत आली. मग पोलॅरिटी, म्हणजे तरंगाची वर-खाली दिशा, उलटी करून पाहिली, मोनोमध्ये ऐकलं, आणि दोन्हींपैकी भरीव वाटली ती दिशा ठेवली. हे करताना लक्षात आलं की खालच्या घुमण्याचा थर आता लागतच नाही, ते काम ८०८चा बेस करतोच आहे. तो थर काढला. टकटकीच्या थराला दोन किलोहर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हाय-पास लावला, म्हणजे त्याने वरचंच काम करावं. तीनऐवजी दोन थर राहिले आणि किक पहिल्यापेक्षा जड झाली.

लांबी : या प्रकरणाचा गाभा

आता किक आणि बेस. इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटला, कारण किट वापरणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट इथेच असते.

रोलंडचं टीआर-८०८ हे मशीन १९८० साली आलं आणि १९८३पर्यंत बनत होतं. त्यात सॅम्पल नव्हतंच. प्रत्येक आवाज ॲनालॉग सर्किट तिथल्या तिथे तयार करायचं. बेस ड्रमला डिके नावाचं एक बटण होतं : एका बाजूला फिरवलं की ठोका छोटा, दुसऱ्या बाजूला फिरवलं की लांब घुमणारा. मशीन वाजवणारा माणूस गाण्याची गती आणि बाकीची वाद्यं ऐकत ते बटण लावायचा. आज किटमध्ये '८०८' नावाची जी फाइल मिळते, ती त्या बटणाच्या एका विशिष्ट जागेचं ध्वनिमुद्रण असते किंवा त्या धाटणीवर नव्याने केलेला आवाज असतो. बटण कुठे ठेवायचं हे किट बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि त्याने आपलं गाणं ऐकलेलं नसतं. तो निर्णय परत आपल्या हातात घेणं हे किट वापरण्यातलं पहिलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

काही वर्षांनी सॅम्पलरनेच (आवाज मुद्रित करून वाजवणाऱ्या मशीनने) लोकांना हे काम करायला भाग पाडलं होतं. १९८७ साली आलेल्या ई-म्यूच्या एसपी-१२०० या मशीनमध्ये १२ बिट, सुमारे २६ किलोहर्ट्झ आणि सगळं मिळून जेमतेम १० सेकंदांची जागा होती. त्यात किक, स्नेअर, हॅट, लूप, सगळं बसवायचं. जागा वाचवण्यासाठी लोक ३३च्या गतीची रेकॉर्ड ४५वर वाजवून सॅम्पल करायचे आणि मशीनमध्ये सूर खाली ओढायचे. आवाजाची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर विरत जाणारा भाग, ठेवायची चैन परवडत नव्हती, म्हणून प्रत्येक आवाज किती वेळ हवा याचा विचार आपोआप व्हायचा. आता जागेची अडचण नाही, त्यामुळे तो विचारही आपण मनाशी ठरवून केला तरच होतो.

त्याच्या किकची फाइल ४२० मिलिसेकंदांची होती. तिची शेपटी ४९ हर्ट्झच्या आसपास स्थिरावत होती, म्हणजे जी या सुरावर. बेस वाजत होता एफवर, सुमारे ४३.६५ हर्ट्झ. दोन्ही एकाच वेळी सुरू होत होते. एवढे जवळचे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्यात डोल तयार होतो. फरक साधारण ५.३५ हर्ट्झ, म्हणजे दर १८७ मिलिसेकंदांनी एक डोल. ४२० मिलिसेकंदांच्या किकमध्ये असे दोन डोल पुरे बसतात. हेडफोनमध्ये हीच थरथर 'गढूळ' म्हणून ऐकू येत होती.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच केला : किक दोन सेमीटोन खाली, एफवर आणली. सूर जुळला, पण सॅम्पल खाली ओढलं की ते लांबतंही. दोन सेमीटोनला साधारण १२ टक्के. किक ४७० मिलिसेकंदांच्या आसपास गेली, टकटकीची धार बोथट झाली, आणि दोन सारखे सूर फेजनुसार कधी एकमेकांवर चढायला लागले तर कधी एकमेकांना खायला. नोट बदलली की दम बदलायचा. हे नको झालं.

मग उलट दिशेला गेलो. किक पाच सेमीटोन वर, सी या सुरावर, ६५.४ हर्ट्झच्या आसपास. एफचा पंचमच तो, त्यामुळे कानाला खटकत नाही, आणि बेसपासून पुरेसा लांबही राहतो. वर नेल्यामुळे सॅम्पल आपोआप ३१५ मिलिसेकंदांवर आलं. इथे तो म्हणाला, "पण ताई, तिसऱ्या बारमध्ये बेस डी फ्लॅटवर जातो, तिथे काय?" प्रश्न अगदी बरोबर होता. डी फ्लॅटचा मूळ सूर ३४.६५ हर्ट्झ, त्याचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुपटीचा उपसूर, ६९.३. किकच्या ६५.४शी पुन्हा झगडा, आता दर २५६ मिलिसेकंदांनी एक डोल.

प्रत्येक कॉर्डला किकचा सूर बदलणं शक्य असतं, काही जण ते करतातही. मी त्याऐवजी एन्व्हलप (आवाज किती वेळात चढावा-उतरावा हे ठरवणारी सोय) घेतला आणि किक १५० मिलिसेकंदांत संपवली. २५६ मिलिसेकंदांचा डोल १५०मध्ये पूर्णच होत नाही, त्यामुळे तो कानाला थरथर म्हणून कळायची सोयच उरत नाही. इतक्या थोड्या वेळात कान किकला सुरापेक्षा ठोका म्हणूनच जास्त घेतो. म्हणजे तिसऱ्या बारचा प्रश्न सूर न बदलता, लांबी बदलून सुटला.

बेसच्या सुरुवातीला उलट थोडी मऊ धार दिली, सुमारे १५ मिलिसेकंदांची, म्हणजे पहिला फटका किकचा आणि त्यामागून भरत येणारा बेस. हे झाल्यावर दोघांमध्ये साइडचेनची (किक पडली की बेस आपोआप दबवण्याची) गरज फारशी उरली नाही. बेसवर थोडं सॅचुरेशन (उपसूर वाढवणारा हलका खरखरीतपणा) घातलं, कारण ४४ हर्ट्झ फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. ८७, १३१, १७५ हर्ट्झचे हार्मोनिक वर आले की फोनवर ऐकणाऱ्यालाही बेसची चाल कळते.

त्याला हे सगळं फाइल शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. जुनी किक आणि नवी किक सुटी ऐकली तर जुनीच भारदस्त वाटते. बीटमध्ये लावली की नवी. हा फरक त्याला स्वतःच्या कानाने पटणं जास्त महत्त्वाचं होतं, म्हणून मी तोंडाने काही बोलले नाही, फक्त बटण दाबत राहिले.

बदललेलं एकच सॅम्पल

स्नेअरचं सॅम्पल मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड झालेलं होतं. हॉलचा घुमारा फाइलमध्येच मुरलेला. क्लॅप मात्र पूर्ण कोरडी, हॅटही कोरडी. एक वाद्य मोठ्या दालनात आणि बाकीची कानाशी, असं ऐकू येत होतं. शिवाय ९० बीपीएमला एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा. स्नेअरची शेपटी त्याहून लांब होती, म्हणजे दुसऱ्या ठोक्याच्या स्नेअरचा घुमारा तिसऱ्या ठोक्याच्या किकवर पसरत होता. किकचे कोपरे साफ करून काय उपयोग, जर तिच्यावर असं पांघरूण पडणार असेल?

शेपटी फेडने कापून पाहिली, पण ठोक्यावरच बसलेला हॉल निघत नाही, आणि कापलेला घुमारा कृत्रिम ऐकू येतो. शेवटी त्याच किटच्या फोल्डरमध्ये याच स्नेअरचं जवळच्या मायक्रोफोनचं, कोरडं रूप सापडलं, ते घेतलं. सगळ्या प्रकरणात बदललेलं सॅम्पल हे एवढंच. मग एक छोटा रूम रिव्हर्ब (खोलीचा कृत्रिम घुमारा) वेगळ्या ट्रॅकवर ठेवला आणि स्नेअर, क्लॅप, हॅट तिघांना थोडं थोडं त्याच्यात पाठवलं. किक जवळजवळ नाही. तिन्ही आवाज एकाच खोलीत आले. वेगवेगळ्या किटमधले आवाज एकत्र नांदवायचा याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही. म्हणून किट घेताना मी आधी कोरडी सॅम्पल आहेत का ते पाहते. घुमारा नंतर घालता येतो, काढता येत नाही.

हॅट आणि शेकरचं भांडण

हॅट सगळ्या एकाच सॅम्पलच्या, एकाच व्हेलॉसिटीच्या (ठोक्याच्या जोराच्या). शिवणयंत्रासारख्या. हे तसं सरळ काम. ठोक्यावर पडणारी हॅट ९५च्या आसपास, मधल्या ५० ते ७०मध्ये, आणि व्हेलॉसिटी फिल्टरलाही जोडली, म्हणजे हळू ठोका नुसता लहान न होता थोडा मऊही होतो. खरा वादक काठी हळू मारतो तेव्हा तेच होतं. उघडी आणि बंद हॅट एकाच चोक ग्रुपमध्ये (एक वाजली की दुसरी थांबते अशा गटात) घातल्या, कारण बंद हॅट पडल्यावर उघडी वाजत राहणं खऱ्या झांजेच्या जोडीला शक्यच नाही.

शेकरचा लूप मात्र चिवट निघाला. बीट ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, सरळ होती, लूपमध्ये स्विंग आधीच भरलेला. स्विंग म्हणजे दोन सोळाव्या मात्रांच्या जोडीतली दुसरी किती उशिरा यावी. ही सोय ड्रम मशीनमध्ये रुजवली ती रॉजर लिन यांनी. ड्रमच्या खऱ्या ध्वनिमुद्रणांवर चालणारं पहिलं ड्रम मशीन, १९८०चं एलएम-१, त्यांचंच, आणि पुढे १९८८ साली आलेल्या अकाईच्या एमपीसी-६०ची रचनाही त्यांचीच. ५० टक्के म्हणजे सरळ, जोडीच्या बरोबर मध्ये. ९० बीपीएमला जोडी ३३३ मिलिसेकंदांची, म्हणून सरळ हॅट १६७वर पडत होती. शेकर पडत होता १९३च्या आसपास, म्हणजे ५८ टक्क्यांवर. मधल्या २६ मिलिसेकंदांत कान दोन वेगळे फटके मोजतो. प्रत्येक दुसऱ्या हॅटला ठेच लागल्यासारखं होत होतं.

त्याने यावर आधीच एक उपाय केलेला होता : लूप ताणून, क्वांटाइझ करून (ठोके ग्रिडवर ओढून) सरळ केला होता. त्यात शेकरचा जीव गेला होता. मी लूप मूळ रूपात परत आणला आणि हॅटला त्याच्या मागे लावलं. लूपमधून ग्रूव्ह, म्हणजे ठोक्यांची चाल, काढून घ्यायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरली आणि हॅट ५८ टक्क्यांवर गेल्या. किक आणि स्नेअर मुख्य ठोक्यांवर सरळच ठेवले, फक्त किकचा जो एक आडवा ठोका चौथ्या मात्रेच्या आधी येत होता तोही स्विंगमध्ये घेतला. बीट चालायला लागली. लूप वापरताना हा नियम मी सहसा मोडत नाही : माणसाने वाजवलेला लूप असेल तर वन-शॉटनी (एकेकट्या ठोक्यांच्या सॅम्पलनी) त्याच्या चालीने चालावं.

हक्कांचं थोडंसं

प्रोजेक्टमध्ये एका मोफत किटमधली ओरड होती, मधल्या जागेत टाकलेली. त्या किटसोबत परवान्याची फाइलच नव्हती, आणि ओरड कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डवरून उचललेली आहे हे मागच्या चरचरीवरून कळत होतं. ती काढायला लावली. 'रॉयल्टी-फ्री' किटमध्ये साधारणपणे आपल्या संगीतात वापरायची मुभा असते, सॅम्पल सुटी वाटायची किंवा स्वतःच्या किटमध्ये घालून विकायची नसते. पण मूळ आवाज कुणाचा हेच माहीत नसेल तर किट फुकट देणाऱ्याची मुभा काही कामाची नाही. शेकरच्या लूपचा परवाना होता, तरीही तो जसाच्या तसा एकटा कुठे वाजणार नाही एवढं पाहिलं. तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यातही असणार, आणि स्वयंचलित ओळखप्रणाली अशा दोन गाण्यांची गल्लत करू शकते.

आवाज आल्यावर

रॅप रेकॉर्ड होऊन आलं तेव्हा एक नवी गोष्ट उघडी पडली. स्नेअरचा कडकपणा तीन किलोहर्ट्झच्या आसपास होता, आणि रॅपमधली व्यंजनंही तिथेच. 'च', 'त', 'क' स्नेअरखाली चिरडले जात होते. स्नेअरमध्ये तिथे २ डीबीचा खड्डा दिला आणि क्लॅपची शेपटी आणखी छाटली. आधीपासून हे करून ठेवायला हवं होतं असं मला वाटत नाही. आवाज येण्याआधी ड्रम थोडे जास्त बोलके असलेले चालतात, गाणाऱ्याला त्यावर उभं राहायचं असतं.

अंतिम ट्रॅकमध्ये ड्रमचे आवाज पूर्वीपेक्षा कमी आहेत. ही सगळी सॅम्पल कापलेल्या, सूर लावलेल्या रूपात त्याने एका वेगळ्या फोल्डरमध्ये जतन केली, आणि फाइलच्या नावातच सूर व लांबी लिहिली : 'किक, सी, १५०'. हे त्याचं पहिलं स्वतःचं किट, स्वतःपुरतं. पुढची बीट त्याने १४० बीपीएमला करायला घेतली आणि तेच फोल्डर उघडलं. किक तशीच चालली. पण ९०ला सोळावी मात्रा १६७ मिलिसेकंदांची होती, १४०ला ती १०७ची झाली, आणि उघडी हॅट तीन मात्रांवर सांडायला लागली. या वेळी त्याने किट मागितलं नाही. हॅट छोटी करून, नावातला आकडा बदलून फाइल पाठवली.